आधी नंबर, मग गाडी

ब्रिटनमध्ये जुनी गाडी घ्यायची असेल तर विकणाऱ्याकडे मी सगळ्यात आधी गाडीचा नंबर मागते. किंमत, रंग, किल्ल्या किती, हे नंतर. नुसत्या नंबरावरून त्या गाडीची दरवर्षीची तपासणी कशी झाली, कुठल्या साली ती नापास झाली, कशामुळे झाली, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, गाडी आपल्या नावावर असावी लागत नाही. मागच्या हिवाळ्यात मी टोयोटा यारिस घेतली ती या नोंदी वाचून, आणि तिच्याआधी ज्या गाड्या सोडून दिल्या त्याही या नोंदी वाचूनच.

मी डर्बीत नर्स आहे. वॉर्डात काही वर्षं काढल्यावर कम्युनिटी नर्सिंगला आले. म्हणजे बेल्पर, वर्क्सवर्थ, मॅटलॉक या बाजूच्या गावांत घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायचं, इन्सुलिन द्यायचं, कॅथेटर बघायचा. बसने हे काम होत नाही. रस्ते चढउताराचे, वळणाचे, आणि हिवाळ्यात पारा उतरणार असं दिसलं की रात्री मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरतात. त्या मिठाने रस्ता सुरक्षित राहतो, पण गाडीचं पोट खाल्लं जातं. माझी ऐपत चार हजार पौंडांपर्यंतची. त्या किमतीत दहा-बारा वर्षांची गाडी मिळते. तिला एवढे हिवाळे खालून कसे लागले असतील, हा माझ्यासाठी मुख्य प्रश्न होता. वाटेत ब्रेक गेले तर तो धोका मला आहेच, शिवाय पुढच्या घरी इन्सुलिनची वाट बघत बसलेल्या आजीलाही आहे.

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची. तिला सगळे एमओटी म्हणतात. ही तपासणी १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टेअरिंग बघायचे. १९६७ पासून तीन वर्षांचा नियम आला. (उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा, तिथे चार वर्षांनी.) आता टायर, सीट बेल्ट, सस्पेन्शन, धूर, काचा, वायपर आणि मुख्य म्हणजे चासीचा गंज, हे सगळं त्यात येतं. गाडीला जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स घेता येतात. तपासणी बहुतेक वेळा खासगी गॅरेजात होते, पण नोंद जाते डीव्हीएसए या सरकारी खात्याकडे, आणि तिथून ती आपल्याला दिसते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या नोंदी २००५ पासूनच्या आहेत.

पान उघडलं की बहुतेक जण वरची एक ओळ बघतात : एमओटी कधीपर्यंत आहे. जाहिरातीतही तेच ठळक छापलेलं असतं, ‘बारा महिन्यांचा एमओटी’. खरा माल त्या ओळीच्या खाली आहे. प्रत्येक वर्षाची नोंद उघडून वाचावी लागते. २० मे २०१८ पासून दोषांचे वर्ग ठरलेले आहेत. ‘धोकादायक’ आणि ‘मोठा’ दोष असेल तर गाडी नापास, ‘किरकोळ’ असेल तर पास पण दुरुस्त करा, आणि शेवटी ‘ॲडव्हायझरी’, म्हणजे आज चालेल, पण लक्ष ठेवा. जुनी गाडी घेणाऱ्याला सगळ्यात जास्त काही सांगत असतील तर या ॲडव्हायझरी. विकणारा त्यांच्याबद्दल आपणहून बोलत नाही.

वाचायला मला सोबत होती मामाची. मामाचं रत्नागिरीला गॅरेज आहे. खाऱ्या हवेत पत्रा कसा सडतो हे त्याला कुणी शिकवायला नको. मी इथे संध्याकाळी पाचला फोन करायची तेव्हा त्याचे रात्रीचे साडेदहा झालेले असायचे, जेवून तो ओटीवर बसलेला असायचा. मी एकेक ओळ मराठीत सांगायची. सुरुवातीलाच तो म्हणाला, “म्हणजे हे आपलं पासिंगच की. फक्त सगळ्यांना वाचायला ठेवलंय.” इथल्या नोंदीत ‘निअरसाइड’, ‘ऑफसाइड’ असं येतं. निअरसाइड म्हणजे फुटपाथकडची, डावी बाजू. मी मामाला सरळ ‘क्लीनर साइड’ आणि ‘ड्रायव्हर साइड’ म्हणून सांगायचे, की त्याला लगेच चाक डोळ्यांसमोर यायचं.

पहिली गाडी एका डीलरकडची, चंदेरी हॅचबॅक, ‘६३’ची नंबरप्लेट. म्हणजे सप्टेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात नोंदलेली. जाहिरात : नवा कोरा एमओटी, एकही ॲडव्हायझरी नाही. पान उघडलं, आणि खरोखर ताज्या नोंदीत काही नव्हतं, स्वच्छ पास. त्याच्या खालचं, आदल्या वर्षाचं बघितलं. पास, पण खाली ओळीच ओळी : मागचे ब्रेक पाइप गंजलेले, ग्रीस किंवा तत्सम पदार्थाने झाकलेले. मागच्या सस्पेन्शनच्या आर्मवर गंज. क्लीनर साइडच्या पुढच्या बॉल जॉइंटचं रबर जीर्ण. मागच्या डिस्क झिजलेल्या. त्याच्याही आदल्या वर्षी ब्रेक पाइपची तीच ओळ होती.

मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बाय, गंजाचं दोनच प्रकारांनी होतं. एक तर तो वाढतो, नाहीतर तो भाग बदलतात. तिसरं काही होत नाही. पाइप बदलले असतील तर बिल असेल. बिल नसेल तर पाइप तेच आहेत.”

“आणि ग्रीस?”

“ग्रीस चांगल्या मनानेही लावतात, पाणी लागू नये म्हणून. पण ग्रीसखाली पाइप किती खाल्लाय ते दिसत नाही. तपासणाऱ्याला खोलून बघायची परवानगी आहे का?”

नाही. एमओटी करणारा कुठलाही भाग खोलत नाही, दिसेल तेवढंच तपासतो. खालून प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ‘कव्हरमुळे काही भाग दिसले नाहीत’ एवढं लिहून पुढे जातो. ही मर्यादा लक्षात ठेवून नोंद वाचायची.

डीलरला फोन करून विचारलं, मागच्या वर्षी लिहिलेले ब्रेक पाइप बदलले का? तो म्हणाला, “गाडी पास झालीय ना?” मी म्हटलं, पास झालेली मी वाचलीय, पाइपचं बिल आहे का? “आमच्या ओळखीच्या गॅरेजने सगळं बघितलंय.” बिल काही आलं नाही. गाडी बघायला जायचा प्रश्नच उरला नाही.

ॲडव्हायझरी नाहीशी झाली म्हणजे दर वेळी लबाडी असते असं नाही. टायर बदलले की टायरची ओळ जाते, आणि नवे टायर डोळ्यांना दिसतात. एक तपासनीस बारीकसारीक लिहितो, दुसरा लिहीत नाही, हेही खरं. पण ब्रेक पाइप, सबफ्रेम (सस्पेन्शन बसवलेली खालची चौकट), सिलखालचा (दारांखालच्या पट्टीचा) पत्रा, यांच्या गंजाची ओळ विक्रीच्या तोंडावर गळाली आणि कागद कुणाकडेच नाही, तर माझ्या लेखी ती ओळ अजून तिथेच आहे. तपासणी कुठे झाली तेही बघता येतं. मात्र त्यासाठी नंबर पुरत नाही, गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, अकरा आकडी क्रमांक लागतो. घरगुती विकणारा तो समोर बसवून दाखवतो. एखादी गाडी वर्षानुवर्षं एकाच गावात तपासली गेली आणि विकायच्या आठवड्यात भलत्याच गावी, तर का ते विचारायचं. उत्तर सरळ आलं तर ठीकच.

मग मैलांचं. प्रत्येक तपासणीला मीटरचा आकडा लिहिला जातो, त्यामुळे मीटर मागे घेतलेली गाडी लगेच पकडता येते. एक निळी गाडी मला फार आवडली होती. तिचे आकडे २०१७ मध्ये ५८ हजार, २०१८ मध्ये ६८ हजार, २०१९ मध्ये ७७ हजार असे चढत गेले आणि २०२१ मध्ये ४९ हजारांवर आले. तिथून पुन्हा सरळ चढण. जाहिरातीत ‘फक्त ६४ हजार मैल’. मीटरचा पूर्ण संच बदलला असेल तर असं होऊ शकतं, पण मग त्याचं बिल दाखवायला हवं आणि किंमत खऱ्या मैलांची लावायला हवी. विकणाऱ्याला ही गोष्ट माहीतच नव्हती, निदान तो तसं म्हणाला. याउलट, मधलाच एक आकडा विचित्र, समजा ४१ हजार, मग एकदम १ लाख ४९ हजार, मग ५७ हजार, असं असेल तर घाबरायचं कारण नाही. तपासनिसाने टाइप करताना एक आकडा जास्त मारला, एवढंच. पुढच्या-मागच्या वर्षांना तो आकडा जुळतो का ते बघायचं.

आता मला ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय तो. नोंदींवरून गाडी कळते तसा मालकही कळतो, आणि मला वाटतं जुन्या गाडीत मालकच जास्त महत्त्वाचा. एक लाल गाडी होती. मैल कमी, बाहेरून देखणी, किंमत माझ्या आवाक्यातली. नोंदी वाचल्या तर दरवर्षी नापास, आणि मग एक-दोन दिवसांत पास. नुसतं नापास होणं वाईट नाही, हे मी आधी सांगते. स्प्रिंग तुटली, नापास झाली, बदलली, पास झाली, यात दोष काय? उलट काम झाल्याची ती सरकारी पावती आहे. पण ही गाडी दरवर्षी नापास झाली होती ती टायर गुळगुळीत झाल्याने, ब्रेकचा दिवा गेल्याने, वायपर फाटल्याने. कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. ती त्याच्याही खाली जाईपर्यंत हा माणूस टायर वापरायचा, आणि तपासणीवाल्याने अडवलं की सगळ्यात स्वस्त टायर घालायचा. मामाने ऐकलं आणि म्हणाला, “जो दहा रुपयांचा बल्ब पासिंगपर्यंत बदलत नाही, तो इंजिन ऑइल वेळेवर बदलत असेल होय?” एमओटीत इंजिनाची, क्लचची, गिअरबॉक्सची हालत बघत नाहीत. पण ज्याने दिसणाऱ्या गोष्टींचं हे केलं, त्याने न दिसणाऱ्यांचं काय केलं असेल, याचा अंदाज या नोंदींवरून बांधता येतो. मी तो बांधला आणि लाल गाडी सोडली. अजूनही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

फारच कमी मैल हेही गुणाचं लक्षण समजू नका. वर्षाला आठशे-नऊशे मैल चाललेली एक छोटी गाडी बघितली. तिच्या नोंदीत ‘टायरच्या कडांना भेगा’, ‘ब्रेक डिस्क गंजलेल्या’ हेच परत परत. मामाचं म्हणणं, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर सडते. बॅटरी उतरते, ब्रेक धरून बसतात, रबर वाळतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे लोक विनाकारण घाबरतात. बऱ्याच गाड्यांच्या इतिहासात २०२० मध्ये खिंडार दिसतं. करोनाच्या काळात, ३० मार्च २०२० पासून, ज्यांची एमओटी संपत होती त्यांना सहा महिन्यांची मुदतवाढ आपोआप मिळाली होती. १ ऑगस्टपासून ती सवलत बंद झाली. त्यामुळे एप्रिलची तपासणी ऑक्टोबरला झालेली दिसली तर त्यात काळंबेरं काही नाही.

माझ्या यारिसचं अगदी तेच झालं होतं. ‘१३’ची प्लेट, पेट्रोल, एप्रिल २०१३ची नोंदणी. पहिली एमओटी एप्रिल २०१६. २०१९ पर्यंत दर एप्रिलला, २०२० ला ऑक्टोबरमध्ये, आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरला. मैल वर्षाला पाच-साडेपाच हजार, फक्त करोनाच्या काळात कमी. २०१९ मध्ये नापास : ड्रायव्हर साइडची पुढची स्प्रिंग तुटलेली. दोन दिवसांनी पास. २०२२ ला ॲडव्हायझरी, पुढचे ब्रेक पॅड बारीक झालेत. २०२३ ला पॅडची ओळ गेली, पण नवी आली : मागच्या ॲक्सलवर वरवरचा गंज. २०२४ ला तीच ओळ, त्याच शब्दांत. मामाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने थोडा विचार केला. “ही गाडी बघायला जा,” म्हणाला, “आणि मागच्या ॲक्सलखाली वाक.”

विकणारे एक निवृत्त गृहस्थ, पत्नीची गाडी विकत होते, त्यांना आता चालवायला जमत नव्हतं. टेबलावर फाइल काढून ठेवलेली. मी फोनवर एमओटीच्या नोंदी उघडल्या आणि फाइलमधली बिलं एकेक लावून बघितली. स्प्रिंगचं बिल २०१९ च्या दुसऱ्या तपासणीच्याच तारखेचं. ब्रेक पॅडचं बिल २०२२ च्या एमओटीनंतर पंधरवड्याचं. त्यांना माझं वाचणं विचित्र वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, “हे पान मी कधी बघितलंच नव्हतं.”

बाहेर येऊन टायर बघितले. टायरच्या बाजूला, अक्षरांच्या ओळीच्या शेवटी, चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्हींवर ३११९, म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. त्यांचंही बिल फाइलमध्ये होतं. पुढचे टायर त्याहून नवे, पण क्लीनर साइडच्या पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा स्पष्ट झिजलेली. ऑक्टोबरच्या नोंदीत याचा उल्लेख नव्हता. मग गुडघ्यावर बसून फोनच्या उजेडात मागचा ॲक्सल. तांबूस, खरखरीत, पण थर सुटलेले नाहीत. चाकाच्या कमानीच्या आत बोटं फिरवली तर माती आणि मिठाचा वाळलेला लेप हाताला आला, त्याखाली कड शाबूत. मी व्हिडिओ कॉल लावून मामाला दाखवलं. रत्नागिरीत मध्यरात्र जवळ आली होती, तरी तो म्हणाला, “अजून जवळ धर. अजून. वेल्डिंगच्या कडेला ने.” शेवटी, “मला बरं वाटतंय, पण फोनवर मी गंजाची खात्री देणार नाही. कुणाला तरी ठोकून बघायला सांग.”

म्हणून मी त्या गृहस्थांना विचारलं, माझ्या खर्चाने नवी एमओटी करू द्याल का? जुनी संपायला अजून बरेच महिने होते, पण एमओटी केव्हाही करता येते. त्यात त्यांची जोखीम होती, कारण धोकादायक दोष निघाला असता तर आधीचं प्रमाणपत्र शिल्लक असूनही गाडी रस्त्यावर चालवता आली नसती, आणि नापासाची नोंद कायमची राहिली असती. ते क्षणभर थांबले आणि हो म्हणाले. या होकाराने माझा निम्मा निर्णय झाला.

तपासणी आम्ही शेजारच्या कौन्सिलच्या केंद्रात करून घेतली. कौन्सिलची अशी केंद्रं स्वतःच्या बस, व्हॅन, टॅक्सी तपासण्यासाठी असतात, पण ती लोकांनाही खुली असतात, आणि बहुतेक ठिकाणी दुरुस्तीचं काम करतच नाहीत. दोष काढून धंदा मिळवायचा नाही, दोष लपवून गाडी विकायची नाही, म्हणून मला ती जागा हवी होती. एमओटीच्या केंद्रात ग्राहकाला उभं राहून बघायला जागा ठरवून दिलेली असते, काचेपलीकडे. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. आधी पुढची चाकं रोलरवर घेतली, मशीनने प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो ते मोजलं, मग मागची, मग हँडब्रेक. मग गाडी वर उचलली. तपासनीस दिवा घेऊन खाली गेला. पुढच्या चाकांना धरून हलवलं, लोअर आर्मच्या बुशांना पहार लावून बघितलं, ब्रेकच्या पाइपांवरून उजेड फिरवत पुढून मागे आला. मागच्या ॲक्सलपाशी त्याने छोट्या हातोडीसारखं अवजार काढलं. गंज तपासायला ते खास असतं. टक, टक, टक, तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द, मामाने हे मला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि काचेतूनही फरक कळेल इतका तो आवाज स्पष्ट होता. एका जागी तो परत आला. पुन्हा ठोकलं, मग अंगठ्याने दाबून बघितलं. सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत असेल तर गाडी नापास, असा त्यांचा नियम आहे. ती जागा नेमकी तिथलीच होती. मग तो पुढे सरकला.

पास. दोन ॲडव्हायझरी : मागच्या ॲक्सलवर वरवरचा गंज, आणि पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड कायदेशीर मर्यादेच्या जवळ. गंजाची ओळ सलग तिसऱ्यांदा, पण त्याच पायरीवर. टायर आणि अलाइनमेंटचा खर्च किती येईल ते त्या गृहस्थांनी स्वतःच विचारलं आणि १२० पौंड कमी केले. मला घासाघीस करावीच लागली नाही.

बाकीचं लवकर सांगते. या नोंदींत गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, अपघातात विमा कंपनीने निकालात काढली होती का, हे दिसत नाही. त्यासाठी वेगळी, पैसे भरून करायची तपासणी आहे, तीही केली. तिथे ‘एस’ किंवा ‘एन’ असा शेरा दिसला तर ती विमा कंपनीने निकालात काढलेली, नंतर दुरुस्त केलेली गाडी. एसमध्ये सांगाड्यालाच मार बसलेला असतो. लॉगबुकचा हिरवा तुकडा नव्या मालकाने घ्यायचा, आणि रोड टॅक्स आधीच्या मालकाकडून आपल्याकडे येत नाही, गाडी हलवण्याआधी स्वतः भरावा लागतो. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने सदोष गाडी परत करायला तीस दिवस मिळतात. घरगुती विक्रीत ते संरक्षण नाही, म्हणून तिथे वाचण्याचं काम दुप्पट.

गाडी घेतली त्या दिवशी मामाशी बराच वेळ बोलले. तो खूश होता, पण जरा खंतावलाही. म्हणाला, आपल्याकडे टेम्पोला, टॅक्सीला पासिंग आहे, खासगी गाडीला नोंदणीनंतर पंधरा वर्षं खालून कुणी दिवा मारून बघत नाही, पीयूसी तेवढी. टेम्पोचंसुद्धा फिटनेस कुठल्या तारखेपर्यंत आहे ते मोबाइलवर दिसतं, कशात नापास झाला होता ते दिसत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस मामाकडे माणसं गाड्या घेऊन यायची, नुकत्याच विकत घेतलेल्या, आतून धुऊन चकाचक. तो स्टेपनीखालची मॅट उचलायचा आणि कोपऱ्यातला वाळलेला गाळ बोटाने काढून त्यांना दाखवायचा. तोवर पैसे देऊन झालेले असायचे. “वायरिंगमध्ये पाणी शिरलेली गाडी मी काय दुरुस्त करणार? त्यांना आधी कुठे वाचायला मिळालं असतं तर ते माझ्याकडे आलेच नसते,” म्हणाला. हे होऊ शकतं, इथे ते होतंय, आणि आपल्याकडेही ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. दरवर्षी एकेक गाडी तपासायची यंत्रणा उभी करायला वेळ लागेल हे समजतं. पण ज्या तपासण्या आजही होतात, त्यांत काय सापडलं ते घेणाऱ्याला वाचू द्यायला काय हरकत आहे?

यारिसला मी डीव्हीएसएची फुकट आठवण लावून ठेवलीय, एमओटी संपायच्या आधी मेल येतो. मागचा ॲक्सल उन्हाळ्यात साफ करून त्याला गंजरोधक लावून घेतलं, बिल त्या गृहस्थांच्याच फाइलमध्ये ठेवलं. तपासनिसाला मी सांगते, दिसेल ते सगळं लिही.

काल नाशिकहून नुकत्याच आलेल्या एका सहकारी मुलीने मला एक नंबर पाठवला. डीलर तिला ‘आजच इसार दे, उद्या गाडी राहणार नाही’ म्हणतोय. मी नोंदी वाचल्या. मैल सरळ चढलेत, २०२० चं खिंडार करोनाचं आहे. पण मागच्या दोन्ही वर्षी ड्रायव्हर साइडच्या सिलखाली गंज लिहिलाय आणि गेल्या आठवड्यातल्या एमओटीत ती ओळ नाही. तिला मी तीन प्रश्न लिहून दिलेत : सिलचं वेल्डिंग कुणी केलं, बिल कुठे आहे, आणि लॉगबुकवरचा अकरा आकडी क्रमांक सांगाल का. उत्तरं येईपर्यंत इसार देऊ नको असं सांगितलंय.